मुक्कामाचं टपाल

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि सकाळी कर्वेनगरच्या बागेत माझ्या शेजारी चालत नाही.

आधीच एक सांगून टाकतो. मी सुखी माणूस आहे. पेन्शन वेळेवर येतं, गुडघा ठीक आहे, गॅलरीत कृष्णकमळ फुलतं. झोप उत्तम लागते. तुमची अपेक्षा असेल की अपराधाने माझं आयुष्य पोखरलं — तर तसं झालेलं नाही. हेसुद्धा कबुलीतच धरा.

गोष्ट घरोघरी इंटरनेट यायच्या आधीची आहे. तेव्हा आम्ही काही हौशी मंडळी घरच्या फोनला मोडेम लावून, कॉम्प्युटरवरून एकमेकांना टपाल पाठवायचो. प्रत्येकाचा आपला एक बुलेटिन बोर्ड. लोक फोन लावून त्यावर यायचे, वाचायचे, भांडायचे — भांडायचे जास्त, पुणंच ते. बाहेरगावचं सगळं टपाल आधी नारायण पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत, माझ्या मशीनवर उतरायचं. तिथून ज्याने त्याने फोन करून आपापलं उचलायचं. ज्याचा फोन आला नाही त्याचं टपाल माझ्याकडे थांबून राहायचं. आम्ही त्याला मुक्कामाचं टपाल म्हणायचो.

मी बँकेत कारकून होतो. बँकेत मला कोण विचारत होतं? पण इथे मुंबई-नागपूरची माणसं मला ‘श्रीधरपंत, पुणे’ म्हणायची. पुण्याचं टपाल माझ्या घरावरून जातं — हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात रोज म्हणायचो.

आमच्यात नियम असा एकच होता. दुसऱ्याचं टपाल वाचायचं नाही. वाचता यायचं — माझ्या पडद्यावर सगळं उघडं असायचं — पण वाचायचं नाही. आणि एक पद्धत होती. एखाद्याचा फोन बंद पडला की त्याचं मुक्कामाचं टपाल जवळच्या सभासदाकडे वळवायचं. तो ते फ्लॉपीवर उतरवून त्याच्या घरी पोचवायचा. खडकवासल्याच्या मिलिंदचं टपाल असं कर्वेनगरच्या शैलाताईंकडे वळवलं जायचं. त्या रविवारी लूनावरून फ्लॉपी घेऊन जायच्या आणि येताना मिलिंदच्या बायकोने दिलेली गरम भजी अर्ध्या रस्त्यात संपवायच्या.

मिलिंद पाटबंधारे खात्यात इंजिनीअर. सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा आणि तिथला फोन वर्षातून चार महिने मेलेला असायचा. पण माणूस कामाला पक्का. माझं मशीन अडलं की मी त्यालाच बोलवायचो. माझ्याकडे टपाल तुंबायचं, कधी हरवायचं. सभासद कुरकुरायचे. शैलाताई तर तोंडावर म्हणाल्या होत्या, “अहो श्रीधरपंत, तुमच्यापेक्षा आमचा पोस्टमन बरा. तो निदान दिवाळीला तरी येतो.”

मग मिलिंदने मुंबईच्या प्रधानसाहेबांना विचारलं. ते आमच्यातले वडीलधारे. कुठल्या शहराचं काम कुणी बघायचं ते त्यांच्या शब्दावर ठरे. त्याची बदली शहरात होणार होती, चांगली फोन लाइन मिळणार होती. पुण्याचं काम मी केलं तर चालेल का — असं त्याने सरळ विचारलं. मला आधी सांगूनच विचारलं, हं. चोरून नाही. मी म्हटलं, अरे विचार की, मला सुटल्यासारखं होईल.

खोटं. तेव्हाही खोटंच.

आणि नेमका त्याचा फोन बंद पडला. प्रधानसाहेबांचं उत्तर माझ्याकडे मुक्कामाला आलं.

वाचलं का? वाचलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांनी मिलिंदला होकार दिला होता. तयारी पक्की असेल तर येत्या रविवारपर्यंत कळवा, म्हणजे तसं जाहीर करतो, असं लिहिलं होतं. माझ्या मशीनवरून हे पत्र पाठवताना त्यांना शंकाही आली नसेल. आपलं कुणी वाचणार नाही, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

मी ते पुसलं नाही. पुसणं म्हणजे चोरी, आणि मी काय चोर होतो? मी फक्त एक ओळ बदलली. मिलिंदचं टपाल शैलाताईंकडे वळवण्याऐवजी नागपूरकडे वळवलं. नागपूरचे गृहस्थ सवडीने, कधीतरी आठवड्याने फोन करायचे. पत्ता पुण्याचा, म्हणून तिथून ते परत माझ्याकडेच येणार होतं. म्हणजे पत्र अडवलं नाही, जरा लांबच्या रस्त्याने धाडलं, इतकंच! असा हिशेब करायला आम्हा पेठेतल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही.

रविवार गेला. शैलाताई फ्लॉपीशिवाय, रिकाम्या हाताने गेल्या आणि भजी खाऊन आल्या. प्रधानसाहेबांनी मला खासगीत लिहिलं — मिलिंदरावांना लाइनचा भरवसा वाटत नसेल, तुम्हीच चालू ठेवा. बोर्डावर जाहीर मात्र एवढंच झालं की पुण्याचं काम श्रीधर यांच्याकडेच राहील.

मग ते पत्र नागपूरहून परत आलं. तोवर मिलिंदचा फोन सुरू झाला होता. एवढं केलं असतं — ते पत्र तसंच राहू दिलं असतं — तर त्याने फोन लावताच ते त्याला मिळालं असतं. उशिरा का होईना. मी पुन्हा ते नागपूरला धाडलं. ते पुन्हा आलं. पुन्हा धाडलं. शेवटी नागपूरकर वैतागले — साहेब, हे टपाल तुमच्याकडून येतं आन् तुमच्याकडेच जातं, काहीतरी घोळ आहे जी. मी लिहिलं, हो, चूक माझीच. तुमच्याकडेच पुसून टाका. बिचाऱ्यांनी पुसलं. वर आभार मानले, घोळ मिटवल्याबद्दल.

मिलिंद मानी माणूस. एकदा विचारलं, उत्तर आलं नाही, पुन्हा विचारलं नाही. प्रधानसाहेबही तसेच. ज्याने कळवलं नाही त्याला अवघडून टाकायचं नाही, म्हणून तेही गप्प. दोन सभ्य माणसं गप्प बसली की माझ्यासारख्याचं आपोआप फावतं.

काही दिवसांनी आम्ही धरणाच्या कडेला कणीस खात उभे होतो. मिलिंद हसत म्हणाला, “अरे श्री, मोठ्या माणसाने माझं आडनाव वाचलं असेल आणि पुढचं वाचायचं राहिलं असेल.”

त्याच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला होता. असली उत्तरं — म्हणजे असलं उत्तर न येणं — त्याच्या घरात नवीन नव्हतं.

मी कणसाला लिंबू चोळत राहिलो.

मी ते त्याच्या आडनावासाठी केलं का? नाही. मला माझी गादी सोडायची नव्हती. पण त्याने ते कारण पुढे केलं तेव्हा मला हायसं वाटलं — हे खरं आहे. जगात तो अन्याय तयारच होता. मी त्याच्या आड जाऊन उभा राहिलो. हे त्या ओळ बदलण्यापेक्षा वाईट आहे, हे मला तेव्हाही कळलं होतं.

त्याने बोर्ड बंद केला. माझा आणखी थोडे दिवस चालला, मग इंटरनेट आलं आणि आम्हा सगळ्यांचीच गादी गेली. मैत्री मात्र टिकली. मी पेठ सोडून कर्वेनगरला आलो होतो, निवृत्तीनंतर तोही तिथेच आला. आम्ही रोज फिरायला जातो, उडप्याकडे इडली खातो, राजकारणावरून भांडतो. माझ्या सुखाचा मोठा भाग त्याच्यामुळे आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो.

प्रधानसाहेब दोन वर्षांपूर्वी गेले. मी बातमी सांगितली तेव्हा मिलिंद म्हणाला, “माणूस हुशार होता. पण मला त्याने एका ओळीचंही उत्तर दिलं नाही रे.” गेल्या महिन्यात त्याच्या कॉलेजातल्या नातीने त्याला विचारलं, “आबा, तुम्ही एवढं भारी काहीतरी करत होता, मग सोडलं का?” तो म्हणाला, “आम्हाला कुणी बोलावलं नाही, बाळा.” मी तिथेच बसलो होतो. पोहे चांगले झाले होते. मी आणखी घेतले.

ते पत्र आता कुठेही नाही. लिहिणारा गेला, नागपूरकरांनी न वाचताच पुसलं. वाचलेला मी एकटा. मला ते पाठ आहे. शेवटी असं होतं —

‘मिलिंदराव, तुम्ही विचारलंत याचा फार आनंद झाला. खरं म्हणजे मीच तुम्हाला विचारणार होतो.’

उद्या सकाळी सहाला तो खालून हाक मारेल. मी बूट घालून उतरेन.