शहाताकाकांच्या दारावरची पाच बोटं

शहाताकाकांची आणि माझी ओळख एका आरोळीने झाली. बंदरालगतच्या अनफूशी वस्तीतल्या एका गल्लीत चपलेतला खडा काढायला मी एका फिकट निळ्या फियाटला पाठ टेकवली, एवढंच. त्यावर अशी आरोळी उठली की बंदरातल्या जहाजांनी नांगर उचलले, मशिदीवरची कबुतरं उडाली ती थेट कैरोला जाऊन बसली आणि माझा सहा महिने दुखणारा गुडघा जागच्या जागी बरा झाला.

“हात लावू नकोस! तिथे माझे बाबा आहेत!”

मी घाबरून गाडीत डोकावलो. आत कुणी नव्हतं.

बाबा दारावर होते. म्हणजे दारावर पाच तांबूस डाग होते, एक जाड आणि चार बारीक. काकांच्या वडिलांनी गाडी घेतली तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून मेंढा कापून रक्ताचा पंजा दारावर उमटवला होता. आईने तो दुसऱ्या दिवशी धुऊन टाकला. आता इतक्या वर्षांनी तो पुन्हा वर आला, असं ट्रामचे निवृत्त कंडक्टर असलेले शहाताकाका छातीठोकपणे सांगत. खाऱ्या वाऱ्याचं मीठ बसू नये म्हणून रोज संध्याकाळी आधी गाडीला आंघोळ, मग स्वतःला. पाणी संपलं तर स्वतःची राहायची.

पत्रेवाले उस्ताद बरकूकी यांना मात्र त्या डागांत बाबा दिसेनात.

“काका, हा गंज आहे. अजून वरवरचा आहे. ओल्या पॉलिशपेपरने घासतो, गंजाचं औषध लावतो, वर प्रायमर आणि रंग. संध्याकाळपर्यंत दार नवं. थांबलात तर आरपार जाईल.”

“आणि बाबा?”

“गाडीच्या पुढच्या दिव्याखालीही असाच डाग आहे. तिथे काय त्यांनी लाथ मारली होती?”

काका विचारात पडले. “एकदा मारली होती.”

उस्तादांच्या हातातला पॉलिशपेपर तसाच राहिला. डोकं खाजवून ते म्हणाले, “तसं रक्तातही मीठ असतंच म्हणा, आणि मिठाने पत्रा गंजतोच. पण अंगठा उजवीकडे आहे. म्हणजे हात डावा.”

“बाबा डाव्या हाताने माशीसुद्धा हाकलायचे नाहीत!”

आता काकांचाच बाबांवरचा विश्वास डळमळला. समोरच्या खिडकीतून त्यांची थोरली बहीण फौकिया सगळं ऐकत होती. तिला खाली बोलावलं. तिने चष्मा पुसून डाग पाहिले.

“डावाच हात होता,” ती म्हणाली.

“बघा!” काका ओरडले.

“पण डिकीवर होता. आणि बाबांचा नव्हता, खाटकाचा होता. बाबा रक्त बघून चक्कर येऊन पडले होते. त्यांना कांदा हुंगवला मी.”

“आपा, तू तेव्हा एवढीशी होतीस!”

“आणि तू तर जन्मलाही नव्हतास, मेल्या!”

काकांनी डागांवर आपला पंजा ठेवून पाहिला. बरोबर बसला. उस्तादांचाही बसला. मी चोरून ठेवला, तर माझाही बसला. फौकियाआपाने ठेवला, तिचाही बसला. मग पुटपुटली, “दारावरही असेल एखादा. मेंढा मोठा होता.”

शेवटी उस्तादांनी दिव्याखालचा डाग घासून रंगवला आणि लाथेबद्दल काकांची माफी मागितली. पाच बोटांना कुणी हात लावला नाही. काका दर शुक्रवारी त्यांच्यावर खोबरेल चोळत आणि हळूच विचारत, “बाबा, तुम्हीच ना?” मला ते ऐकू आलं तर माझ्याकडे वळून विचारत, “तुला काय वाटतं रे?” मी एका शुक्रवारी हो म्हणायचो, पुढच्या शुक्रवारी नाही.

हिवाळ्यातल्या वादळांनंतर एका संध्याकाळी दार पुसताना काकांचं फडकं त्या पाच बोटांतून आरपार गेलं. भंगारातून एका टॅक्सीचं दार मिळालं, ते त्या जागी बसवलं. ते पिवळं आहे.