नऊ नंबरची चप्पल

माझ्या दुकानातली चप्पल माझ्याच पोरीच्या नाकावर दाबून धरली होती.

धरणारा माझा दोस्त. शाळेचा हेडमास्तर. पोरगी तिसरीतली. फरशीवर आडवी, हातपाय झटके देताहेत, तोंडाला फेस. बाकीची पोरं भिंतीला चिकटलेली. कोणीतरी फिसकन हसलं. वर्गाच्या बाई ओरडत होत्या, "दूर व्हा, लागन होते!"

मी दारात. अनवाणी. चपलांचा दुकानदार अन् अनवाणी पळत आलेला. त्या दिवशी हसण्यासारखं तेवढंच होतं.

आता माझी अक्कल सांगतो.

बाजारात आमचं दुकान बापाच्या वेळेपासून. कोणाला फिट आली की माणसं आमच्याकडं पळत यायची. "चामड्याची द्या." मी द्यायचो. रुबाबात द्यायचो. "रबरीनं उतरत नाही," असंही वरून सांगायचो. मग एक दिवस घरातच पोरगी पडली, अन् माझी डॉक्टरकी संपली. आदिलाबादच्या खऱ्या डॉक्टरनं झापलं. नाकाला काही लावायचं नाही. तोंडात काही कोंबायचं नाही. दाबून धरायचं नाही. एका कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

ते सगळं मी कागदावर उतरवलं अन् हेडमास्तरला नेऊन दिलं. फक्त त्यालाच. लहानपणी आम्ही एका बाकावर बसलेलो. तो म्हणाला, "फिकर काऊन करतं? तुही पोरगी ते माही पोरगी."

मी खरं मानलं.

अन् दुकानात? दुकानात चपला देतच राहिलो. नाही म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, तुले कसं माहीत? पोरीच्या फिटचं गुपित फुटलं असतं. म्हणून गप्प. दुसऱ्यांच्या लेकरांच्या नाकाला चप्पल, माझ्या लेकराची झाकली मूठ.

त्या दिवशी शाळेत खिचडी शिजवणारी शांताबाई धापा टाकत आली. "भाऊ, चामड्याची चप्पल द्या लवकर. हेडमास्तर सारनं मागवली. लेकरू पडलं."

मी गल्ल्यावरून हसलो. "नंबर कोणता देऊ?"

नऊ नंबर हाताला लागली. दिली. ती पळाली. मग डोक्यात उजेड पडला. त्या शाळेत पडणारं लेकरू मला एकच माहीत होतं.

वर्गात शिरून मी हेडमास्तरचा हात झटकला. पोरीला कुशीवर वळवलं. झटके थांबले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. चप्पल बाजूलाच पडलेली. ती तिच्याकडं बघत राहिली.

"बाबा, हे आपल्या दुकानातली हाये ना?"

मी ती उचलून पाठीमागं लपवली.

ऑफिसात मी हेडमास्तरला विचारलं, "कागद कुठं हाये?" त्यानं ड्रॉवरमधून काढला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"घरीच ठेव तिले," तो म्हणाला. "उद्या बाकीचे मायबाप बोंबलतीन. दोस्त हाये म्हणून आजच्या आज टीसी लिहून देतो."

"टीसी नको. उद्या घंटीच्या आधी येते माही पोरगी."

कागद त्याच्या हातून घेतला. वर्गात गेलो. पोरांसमोर, बाईंसमोर, मोठ्यानं वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

दगा दोघांनी दिला. एक ऑफिसात बसलेला, एक गल्ल्यावर. गल्ल्यावरच्याला मी रोज आरशात पाहतो. त्याला माफी नाही.

तो कागद आता दुकानाच्या दारावर आहे, मराठीत अन् तेलुगूत; आमच्या गावात दोन्ही चालतात. चप्पल मागायला कोणीही येवो, मिळणार नाही. दुकान उघडं टाकून मी येईन अन् लेकराला कुशीवर वळवीन.

पोरगी त्याच शाळेत जाते. त्याच बाकावर बसते. हेडमास्तर बाजारात दिसला की हात वर करतो.

मी करत नाही.