आठ अधिक सात, हात पाठीमागे

पहिली-दुसरी शिकवणाऱ्या बाईकडे खडूचे तुकडे आणि किस्से आपोआप साठतात. मी शहापूरजवळच्या एका शाळेत बेरीज शिकवते आणि छान शिकवते. नम्रपणा बाकीच्यांनी दाखवावा!

एकदा सांगितलं, "मोठी संख्या डोक्यात ठेवा, असा हात लावून. मग पुढे मोजा." कुणालने नऊ ठेवले. उत्तर आलं तरी डोक्यावरचा हात काही निघेना. खिचडीसुद्धा एकाच हाताने खाल्ली!

मग दहाच्या जोड्या. प्रत्येकाला एक कायमचं कार्ड दिलं, रोज दहा होईल असा जोडीदार शोधायचा. साताला तीन मिळाला, आठाला दोन. एक दिवस रिया एकटीच रडत उभी.
"काय झालं गं?"
"मॅडम, पाचाले पाचच लागते, अन् तो मामाच्या गावाले गेला!"

एका मुलाचे वडील तावातावाने आले. "मोबाईल असून हे काहून शिकवता?"
म्हटलं, "भाऊ, सहा अधिक सात सांगा."
त्यांनी फोन काढला. बॅटरी डेड! हात हळूच पाठीमागे गेले, बोटं हलायला लागली. मग म्हणाले, "शिकवा मॅडम, शिकवा!"

पण सोनालीपुढे मी हात टेकले होते. हाताची बोटं संपली की ही पायाची मोजायला चप्पल काढायची! त्यात तपासणीला साहेब येणार, बोटं मोजणाऱ्यांची नावं 'कच्ची मुलं' यादीत जाणार. तिची आई शाळेत आली. "तिचं नाव नोका लिहू मॅडम. भाऊ तिले ढ म्हणून चिडवून राहिले." मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

साहेब आले. नेमकं सोनालीलाच उभं केलं. "हात पाठीमागे. आठ अधिक सात?"
"पंधरा!"
"पाठ केलंस?"
"नाही जी. आठातले पाच, सातातले पाच, झाले दहा. उरले तीन अन् दोन, ते बी पाच."
मी पदर नीट केला.
"शाब्बास! मॅडमनी शिकवलं?"
"नाही जी. आई गोवऱ्या अशाच मोजते, पाच-पाच उचलून."
"मग मॅडम काय शिकवतात?"
"बोटं मोजाले!"
साहेबांनी यादीवर पेन टेकवलं आणि हसत विचारलं, "मग मॅडमचं नाव लिहू का इथं?"
सोनाली घाबरून पुढे धावली.
"नोका लिहू जी! घरी लय चिडवतात!"