पुनर्विचारासाठी परत

नोटीस हातात आली की आमचे सर चष्मा कपाळावर ढकलत, कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचत आणि दोन बोटांत धरून शिपायाला परत देत. "पुनर्विचारासाठी परत," म्हणत.

मुलांनो, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तुमचा राष्ट्रपती नक्की करतो काय?" तुमच्याकडच्या राष्ट्राध्यक्षासारखं तो रोज काही ठरवत नाही, एवढं मी सांगितलं आणि फोन कटला. उरलेलं लिहून पाठवते. चंद्रपूरच्या ज्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते, तिथे हे सर इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवत. मला जे कळलं ते त्यांच्याकडे पाहून.

संसदेने मंजूर केलेलं विधेयक राष्ट्रपतीला एकदा परत पाठवता येतं. तेच पुन्हा मंजूर होऊन आलं, की संमती द्यावीच लागते. सर हा नियम पाळत. माझी प्रत्येक नोटीस एकदा परत येई. तीच पुन्हा पाठवली, की मुकाट्याने सही. पहिल्या वर्षी मला राग आला. दुसऱ्या वर्षापासून मी नोटीस एक दिवस आधी काढू लागले.

चहाही एकदा परत जाई. पगारपत्रकावर मात्र ते लगेच सही करत.

"सर, यावर पुनर्विचार नाही?" मी एकदा विचारलं.

"धन विधेयक आहे, बाई. परत पाठवाचा अधिकार नाई."

उशिरा येणाऱ्या मुलींना माफी देण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला होता. पण राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, म्हणून ते आधी मॉनिटरला विचारत. मॉनिटर कडक होती. माफी फारशी कोणाला मिळाली नाही.

भूगोलाच्या तासाला ते दोन नकाशे शेजारी शेजारी टांगत. एक जुना, कापडावर चिकटवलेला. त्यात 'चांदा' नावाचा एकच लांबलचक जिल्हा, पार गोदावरीपर्यंत. दुसरा नवा, त्यात त्याच जागेवर चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन. "आधी दोन नकाशे पाहा, मंग भांडा," हे त्यांचं वाक्य.

"सर, मंग आधी गडचिरोली जिल्हा कुठी होता?" एका मुलीने विचारलं.

"तिथंच होता. नकाशाले खबर नव्हती."

मग पट्टी भामरागडच्या कोपऱ्यावर जाई. जुन्या नकाशात तिथे नुसती नदी. नव्यात लाल रस्ता आणि नदीवर पूल. मुलींना वाटे, नवाच खरा. सर म्हणत, "उन्हाळ्यात नवा खरा असते. पावसाळ्यात जुना." मुली हसत. मीही दारावरून जाताना हसले आहे.

नोकरीच्या सुरुवातीला सर त्या नदीपलीकडच्या आश्रमशाळेत होते. पूल नव्हता. ऐन पावसाळ्यात त्यांच्या पत्नीला कळा सुरू झाल्या. बैलगाडी काठापर्यंत गेली आणि पाणी उतरेपर्यंत काठावरच उभी राहिली. बाळ वाचलं नाही. हे त्यांनी मला नकाशा गुंडाळता गुंडाळता सांगितलं, दोरी बांधली आणि पुढच्या तासाला गेले.

पुढे चंद्रपुरात नसीम झाली. आमच्याच शाळेत शिकली, डॉक्टर झाली आणि पहिली नेमणूक तिने मागून घेतली ती त्याच नदीपलीकडच्या आरोग्य केंद्रात.

तिचा मला फोन आला. "बाई, तुम्ही या नं घरी. अब्बा तुमचं ऐकतीन." मी गेले. ऐकलं नाही.

दिवाणावर जुना नकाशा पसरलेला होता. सरांनी बोट ठेवलं. "दाखव. कुठी आहे रस्ता?"

नसीमने त्यावर नवा नकाशा पसरला. "हा रस्ता, अब्बा. हा पूल."

"बेटा, पावसाळ्यात..."

"जुना खरा. ठाऊक आहे. म्हणून तं डॉक्टर तिकडं पाहिजे. पुलाच्या अलीकडं बसून मी काय करू?"

सरांनी तिच्या नेमणुकीचा कागद दोन बोटांत धरला. "पुनर्विचारासाठी परत."

नसीम आत गेली. स्वयंपाकघरात दुसरं सभागृह होतं, म्हणजे तिची आई. त्या हात पुसत बाहेर आल्या. "जाऊ द्या पोरीले. माह्यावेळी तिथी कोणी असतं तं..." एवढंच बोलल्या आणि कागद पुन्हा नवऱ्याच्या हातात दिला.

आता संमती देणं भाग होतं. सरांनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "सही कराले मुदत किती, ते घटनेत लिहिलं नाई," ते माझ्याकडे बघून म्हणाले. हे खरं आहे. तुम्ही पाहून घ्या.

कागद कित्येक दिवस खिशातच होता. शर्ट बदलला की तोही नव्या खिशात जाई. शेवटी नसीमने बॅग भरून दारात ठेवली. "अब्बा, घटनेत मुदत नाई, पण एस.टी.ले आहे. सकाळची गाडी चुकली तं अहेरीले मुक्काम पडते." सरांनी कागद काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सही केली. सरकारी आदेशाला त्या सहीची गरज नव्हती. नसीमने ती खोडली नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना दोन्ही नकाशे भेट दिले. ते आता पत्नीसह नदीपलीकडे नसीमकडे राहायला जाणार होते. त्यांनी जुना नकाशा काखेत घेतला आणि नवा मला परत दिला. "तुमच्यापाशी राहू द्या. तुम्ही उन्हाळ्यात याल." मी दरवर्षी उन्हाळ्यात जात असे. अंगणात खुर्चीवर बसलेले सर येणाऱ्या पेशंटांचे नंबर लावत आणि आधी कोणाला आत सोडायचं हे रांगेतल्या बायांच्या सल्ल्याने ठरवत.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. पावसाच्या आधीच चंद्रपूरला हलवू, असं नसीम म्हणाली. सरांनी ते परत पाठवलं. दोन्ही सभागृहांनी पुन्हा मंजूर केलं. तेव्हा त्यांनी रिकामा हात, कागद धरल्यासारखा, खिशाकडे नेला.

"मी म्हटलं, अब्बा, आता तं ऐका," नसीमने मला फोनवर सांगितलं. "तं म्हणते, तू मले घेऊन गेली आन् मागं पूल बुडला तं इथी कोण आहे?"

पूल बुडाला. त्या दिवसांतच ते गेले.

"बाई, निघू नका," नसीम म्हणाली. "पुलावरून पाणी आहे. इथीच माती देऊन राह्यलो." मग म्हणाली, "पहाटे एक बाळंतीण आली होती. आडवं होतं लेकरू. दोघं बरे आहेत. अब्बाले रडणं ऐकू गेलं. विचारलं, पोरगा का पोरगी. मी म्हटलं, पोरगा."

मी फोन ठेवला. समोरच्या भिंतीवर नवा नकाशा होता. लाल रस्ता नदीपर्यंत जात होता आणि नदीवर पूल जागच्या जागी होता.