बिननावाचं बटण

एका सॉफ्टवेअर कंपनीने माझ्या बायकोच्या मामांना फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मी मामांच्या गमती सांगायला लागलो तरी मुद्दा कुणी विसरायचा नाही. सानपाड्यापासून पार खारघरपर्यंत मामांइतका सभ्य माणूस राहत नाही, आणि सभ्य माणसाला फसवायला अक्कल लागत नाही. मी वायरमन म्हणून सुरुवात केली. आज नवी मुंबईत, पावण्याला माझा इलेक्ट्रिक पॅनेल बनवायचा कारखाना आहे, तो तांबंवाल्यांशी, रंगवाल्यांशी, टेम्पोवाल्यांशी रोज भांडून उभा केलाय. मला कुणी गंडवलं तर मी त्याच्या दारात उभा राहून अख्खी गल्ली गोळा करतो. मामांना गंडवलं तर मामा म्हणतात, "असेल हो त्यांची काही अडचण."

मामा जन्मापासून आंधळे. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. पण त्यांची खरी नोकरी हॅम रेडिओची. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, निव्वळ हौसेखातर घरातल्या रेडिओवरून गावोगावच्या माणसांशी बोलणारी ही जमात असते. मामांची अँटेना, म्हणजे एक लांबलचक तार, सोसायटीच्या गच्चीवर ताणलेली आहे. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तिच्यावर ओली गोधडी वाळत घातली. मी असतो तर सेक्रेटरीला घेऊनच वर गेलो असतो. मामांनी वहिनींना फोन केला, "सावकाश वाळू दे हो, घाई नाही. फक्त वाळली की सांगा, कोइमतूर जरा दबल्यासारखं येतंय."

रेडिओवर एक शिस्त असते. आपलं बोलणं झालं की क्षणभर थांबायचं, कारण कुणाला तातडीचा निरोप द्यायचा असेल तर त्याला मध्ये शिरायला जागा हवी. मामा ही शिस्त जेवणाच्या पानावरही पाळतात. "आमटी छान झालीय," म्हणतात आणि थांबतात. नव्या माणसाला वाटतं, आता "पण" येणार. एकदा मी त्यांना जुनं ड्रिल मशीन बघायला सोबत नेलं. मी त्यांचा हात धरलेला त्यांना चालत नाही, माझं कोपर त्यांनी धरायचं असा नियम. तर मी दुकानदाराशी घसा फोडून भांडतोय आणि तो ढिम्म. शेवटी मामा मशीनवरून हात फिरवून म्हणाले, "मशीन चांगलंय," आणि थांबले. दुकानदार चुळबुळला. मामा थांबलेलेच. "बरं काका, तुमी म्हणता तर करू थोडं कमी," तो आपणहून म्हणाला. इतक्या वर्षांत मला हे जमलेलं नाही, कारण मला गप्प बसता येत नाही.

त्यांचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो, पण इतक्या वेगाने की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मिक्सरमध्ये चमचा राहिलाय. मी स्क्रू ड्रायव्हर काढला. मामा हसले, "जावईबापू, तो माझ्या भाचीचा मेल वाचतोय. तुमचं ब्लडप्रेशर वाढलंय म्हणे." जेवताना त्यांची बोटं पाटावर मोर्स, म्हणजे तारेची टकटक भाषा, वाजवतात, त्यात स्वयंपाकावर गुप्त टीका असते. मामी इतकी वर्षं ते ऐकून ऐकून शिकल्या. मागे एकदा मामांनी काहीतरी टकटकलं, तर आतून पळीनेच उत्तर आलं. काय ते दोघांनीही सांगितलं नाही, पण मामा आणखी एक पोळी मुकाट जेवले.

रोज सकाळी मामा हवेवर 'नेट' चालवायचे. नेट म्हणजे रेडिओवरची बैठक. चालवणारा एकेकाचं नाव पुकारतो, एकेकजण बोलतो. मंडळी बहुतेक निवृत्त. त्यातले साताऱ्याचे एक हेडमास्तर, बायको गेलेली, मुलं परदेशी. ते आपल्या पेरूच्या झाडाबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. झाडाला कीड लागली, पोपट आले, शेजाऱ्याने फांदी तोडली. मामा कधी त्यांना तोडत नसत. "सर, मग पोपटांचं काय झालं?" असं आणखी वर विचारत.

आता फसवणुकीकडे येतो. मामांचा जुना रेडिओ जळाला. त्याला खटके होते, चकत्या होत्या, सगळं बोटांना कळायचं. नव्या जमान्यातला रेडिओ म्हणजे नुसतं खोकं, वर एक बटण नाही. सगळी बटणं कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आणि ती त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. खोकं घ्यायच्या आधी कंपनीशी बोलणी मी केली. ठरलं असं, की मामांनी सॉफ्टवेअर वापरून कुठे कुठे ते मुकं राहतं ते शोधून द्यायचं, आणि कंपनीने प्रत्येक बटणाला नाव द्यायचं, म्हणजे कॉम्प्युटर ते वाचेल. मामांनी कित्येक महिने फुकट राबून एकूण एक खोट काढून दिली. कंपनीने ती दुरुस्त केली, हे मी नाकारत नाही. मग हॉल घेऊन कार्यक्रम केला, 'दृष्टिहीनांसाठी' असा हा मोठा फलक, मामांना शाल, मामांबरोबर फोटो. फोटो चांगला आला म्हणे. मामांना कोण दाखवणार?

आणि नंतर एका दिवशी सॉफ्टवेअर आपोआप नवं झालं. अक्षरं गेली, सुंदर सुंदर चित्रं आली. चित्रांना नावं द्यायची राहून गेली. मामांचा कॉम्प्युटर वाचू लागला, "बटण. बटण. बटण." जुनं सॉफ्टवेअर परत मागितलं तर म्हणे, ते आता बंद.

मामांनी तरी नेट सोडलं नाही. कुठल्या बटणानंतर कुठलं, हे चाचपून चाचपून पाठ केलं. एका सकाळी हेडमास्तर पेरूवर बोलून थांबले. मामांनी त्यांचे आभार मानले आणि माइक बंद केला. म्हणजे बंद केला असं त्यांना वाटलं. मामी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "संपलं का साताऱ्याचं पुराण? ते बोलायला लागले की माझा कुकर होतो."

मामा म्हणाले, "असू दे गं. त्यांचं ऐकणारं दुसरं आहे कोण?"

हे सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं. साताऱ्यानेही.

कुकरवर हेडमास्तर हसले असते. पण आपलं ऐकून घेतात ते कीव करून, हे माणसाने कुणाकडून आणि कसं ऐकावं? माइक चालू असताना मामांना हवेवरचं काही ऐकू येईना, म्हणून शेवटी नागपूरच्या एका गृहस्थांनी फोन केला आणि हळूच म्हणाले, "दादा, तुमचा माइक चालू हाय." दुसऱ्या सकाळपासून हेडमास्तर येईनात.

मी कंपनीला फोन लावला. तिकडून एक गोड मुलगी म्हणाली, "पण सर, माइक चालू असला की स्क्रीनवर मोठा रेड इंडिकेटर येतो ना."

"रेड?" मी ओरडलो. "अहो बाई, माणूस आंधळा आहे!"

"सर, यूजर्सना मॉडर्न लुक हवा होता. तुमचा मुद्दा नोट केलाय."

मुद्दा नोट केलाय! माझ्या कारखान्यात एका पॅनेलला शेकडो वायरी असतात. प्रत्येक वायरीच्या टोकाला नंबराची बारकी नळी घालतो, प्रत्येक खटक्याखाली नावाची पट्टी लावतो. एक पट्टी चुकली तर गिऱ्हाईक अख्खं पॅनेल परत पाठवतं, आणि बरोबर करतं, कारण चुकीच्या खटक्याने माणूस मरतो. ह्यांनी तर सगळ्याच पट्ट्या उपटल्या, त्याही ज्या माणसाने फुकट लावून घेतल्या त्याच्याच घरी.

मामांनी हेडमास्तरांना फोन केला होता. ते म्हणाले, "छे छे, मी काहीच ऐकलं नाही. हल्ली जरा सर्दी आहे." मामा मला म्हणाले, "जावईबापू, इतकं चांगलं खोटं फक्त शिक्षकच बोलू शकतो." आणि त्या दिवशी त्यांनी नेट चालवणं सोडलं. आता नागपूरवाले चालवतात. मामा माइकची वायर काढून ठेवतात आणि नुसते ऐकतात. दुपारी बसून कंपनीला नव्या खोटांचे मेल पाठवतात, 'सप्रेम नमस्कार' घालून. मी चिडलो की म्हणतात, "माझ्यानंतर कुणीतरी आंधळा हे खोकं घेईलच की."

मला माफीपत्र नको, नवी शाल तर नकोच. ज्याने कुणी ती नावं काढली, त्याने माझ्याबरोबर साताऱ्याला चलावं आणि हेडमास्तरांना तोंडावर सांगावं, की ते वाक्य तुमच्या कानावर माझ्यामुळे पडलं. गाडी मी काढतो, डिझेल माझं. मामाही यायचं म्हणतायत. ते मागे बसतील, काही बोलणार नाहीत. कंपनीकडून कोण येतंय, तेवढं सांगा.