बैठक पाहून घेतलेली गाडी

कामरगावात झोपेचं खातं सैफुद्दीनभाईंकडे आहे. गावातल्या निम्म्या गाद्या त्यांनी भरलेल्या, उरलेल्या निम्म्या त्यांच्या वडलांनी. सकाळी कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की दुकानाच्या दारातून पांढरा धुरळा उठतो. संध्याकाळी भाई त्यातून बाहेर पडतात तेव्हा दाढीत इतका कापूस असतो की दाढी नेमकी किती पिकली, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही.

माणूस ओळखायचा तो त्याच्या जुन्या गादीवरून, असं भाईंचं मत. पुन्हा भरायला आलेली गादी ते आधी जमिनीवर पसरतात, तिच्यातले खळगे तळहातानं चाचपतात आणि मनाशी हसतात. हा डाव्या कुशीवर झोपतो. ह्याला झोपच लागत नाही. ह्या गादीत दोन्ही कडांना खळगे आणि मध्ये टेकडी, म्हणजे नवरा-बायकोचं सध्या बोलणं नाही. अशा गोष्टी ते कोणाला सांगत नाहीत. ती टेकडी तेवढी पिंजून सपाट करून देतात. पुढचं ज्याचं त्यानं पाहावं.

अशा माणसानं वयाच्या साठीत मोटार घ्यायचं काढलं, त्याला कारण झाली त्यांची लेक तूबा.

तूबा कारंज्याला दिलेली. जावई अजहरचं बाजारात बांगड्यांचं दुकान. तूबाला दिवस गेले आणि भाईंच्या घरात आनंदाबरोबर एक प्रश्नही आला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा भाईंच्या बायकोच्या, अमीनाबींच्या घराण्याचा कायदा. तूबाची सासू हुरमतबी ह्यांना तो मान्य होता, पण त्यांनी त्याला एक शेपूट जोडलं. "जीपमंदी कोंबून नेत असान तर सून भेटनार नाई. घरची गाडी आना अन् मंग न्या."

भाईंचा भाचा वसीम गावातच मोटारसायकली दुरुस्त करतो. त्याला ह्या सगळ्या प्रकरणाचा हिशेबच लागेना.

"मामू, दवाखाना कुठी हाये?"

"कारंज्याले."

"तूबा कुठी हाये?"

"कारंज्याले."

"मंग तिले कारंज्याऊन इकडं आनाची, अन् टाइम आला का पुन्हा कारंज्याले न्याची, ह्याच्यासाठी गाडी घेऊन राह्यले तुमी?"

भाईंनी उत्तरासाठी बायकोकडे पाहिलं. त्यांची ही जुनी सवय.

"पयलं बाळंतपन माहेरीच," अमीनाबी म्हणाल्या. "माह्यं माह्या अम्मीकडं झालं. अम्मीचं नानीकडं झालं. त्या काय दवाखान्याच्या बाजूला राहाले गेल्या होत्या?"

"तवा दवाखानेच नव्हते, मामी!"

"हां, तरी झाले ना?"

 मग भाड्यानं गाडी आणा, असं वसीमनं सुचवून पाहिलं. पण भाड्याची गाडी पोरीला आणून सोडील आणि निघून जाईल, आणि रात्री-बेरात्री पोट दुखायला लागलं तर काय गादीच्या यंत्रावर बसवून न्यायची, असं मामींनी विचारलं.  वसीमनं मोबाइल काढला आणि जुन्या गाड्या शोधायला लागला.

दोन महिने ते गाड्या पाहत फिरले. एकीचा धूर जास्त, एकीची कागदपत्रं कमी. दरम्यान तूबाला नववा लागला. बाळ काही मामूंना गाडी मिळावी म्हणून थांबून राहणार नव्हतं. शेवटी किन्हीराजा गावच्या शालिग्राम गुरुजींची पांढरी छोटी गाडी सापडली. एका हातची, घरगुती, कधी न घासलेली.

शालिग्राम गुरुजी निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना ही गाडी घेऊन दिली होती. गुरुजींनी ती जिवापाड जपली, म्हणजे बाहेर काढली नाही. बाहेर काढली की धूळ बसते. गुरुजी वाशीमला जात ते एसटीनं, अर्ध्या तिकिटात. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, अंगावर चादर पांघरून.

भाई आणि वसीम पोचले तेव्हा गुरुजींनी ती चादर हळूहळू, जणू झोपलेलं लेकरू उठू नये अशा बेतानं काढली. वसीमनं लगेच बोनेट उघडून डोकं आत घातलं. भाईंनी चपला काढल्या, मागचं दार उघडलं आणि आत जाऊन डोळे मिटून बसले.

कारखान्यातून आलेलं प्लास्टिकसुद्धा मागच्या सीटवरून निघालेलं नव्हतं. भाईंनी मूठ आवळून सीट दाबली. सीटनं ती मूठ आत घेतली आणि सावकाश, अदबीनं परत केली. त्यांनी इथं दाबलं, तिथं दाबलं, कडेला बोट घातलं, अंगठ्यानं शिवण तपासली. एकही खळगा नाही. चाळीस वर्षांत अशी बैठक त्यांच्या हाताखालून गेली नव्हती.

"गुरुजी," ते आतूनच म्हणाले, "माशाल्ला, काय चीज ठेवली तुमी!"

वसीमनं बोनेटमधून डोकं काढलं. सौदा व्हायच्या आधी मालाची तारीफ करू नये, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. तो खोकला. मामूंना ऐकू गेलं नाही.

"मागं कोनीच बसलं नाई काय हो?"

"कोण बसनार? मी बसूच देत नाई," गुरुजी अभिमानानं म्हणाले.

"मले एकडाव बसवलं होतं," दारातून गुरुजींची बायको गोमतीबाई म्हणाली. "तेबी पाय धुवून, हातात चपला घेऊन."

"मामू, जरा इकडं या," वसीमनं त्यांना बाजूला घेतलं. "गाडी चाललीच नाई. उभी राहून राहून झोपली. बॅटरी मेल्यावानी हाये, टायर कडक झाले, सेल्फ मारला का रडते."

"झोपली त झोपू दे. बैठक चांगली असली का झोप लागतेच."

"आपल्याले गाडी घ्याची हाये का पलंग?"

"वसीम बेटा, तूबाले इंजनावर बसवून आनतो काय तू?"

आता इतके दिवस गुरुजींकडे गिऱ्हाइकं आली ती सगळी ॲव्हरेज विचारणारी. किती पळाली, किती पिते, किती सोडता. कोणी त्यांच्या जपण्याला शब्दानं विचारलं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी गुरुजी आयुष्यभर, म्हणजे निदान निवृत्तीनंतरचं आयुष्यभर, बायकोचे टोमणे खात आले, तिचा कदरदान आज दाढीत कापूस घेऊन दारात उभा होता. गुरुजी विरघळले. भाई तारीफ करत गेले आणि गुरुजी भाव उतरवत गेले. असा उलटा सौदा वसीमनं पाहिला नव्हता. तो मध्ये पडला असता तर नुकसानच झालं असतं, म्हणून त्यानं पुन्हा बोनेटमध्ये डोकं घातलं.

इसाराचे पैसे गुरुजींच्या हातात पडले त्याच क्षणी गोमतीबाई ओसरीवरून उतरली, शेणामातीच्या पायांनी तशीच मागच्या सीटवर जाऊन ऐसपैस बसली.

"अहो, पाय!" गुरुजी ओरडले.

"आता गाडी ह्या भाऊची झाली. त्यायले चालते का इचारा," गोमतीबाई म्हणाली, आणि तिनं पाठ टेकून डोळे मिटले.

भाईंना चालत होतं. त्यांनी तिला घटकाभर बसू दिलं.

गाडी कामरगावात आली. गाव पाहायला आलं, टायरला लाथा मारून गेलं. वसीम म्हणाला, पहिले बॅटरी बदलू. भाई म्हणाले, बदलू ना, घाई काय आहे, चालू तर होते. ती चालू होत होती हे खरं, म्हणजे दोन माणसांनी मागून ढकललं तर. कारंज्याला जायच्या आधीच्या दोन दिवसांत भाईंनी दुसरंच काम काढलं. चांगली सीट आणखी चांगली करावी म्हणून खास कापूस पिंजून एक बेताची गादी भरली, तिला फुलाफुलाची खोळ घातली आणि मागच्या सीटवर अंथरली. आता बैठक इतकी फुगली की अमीनाबी बसल्या तर त्यांचं डोकं टपाला लागायचं. त्या मान जरा वाकडी करून बसल्या, आणि तशाच, एखाद्या बेगमेसारख्या, कारंज्याला गेल्या. वाटेत खड्डे आले नि गेले. त्यांना पत्ता लागला नाही. पुढे वसीमच्या शेजारी बसलेल्या भाईंना प्रत्येक खड्डा कळला, पण ते मागे वळून वळून नुसते विचारत होते, "लागला काय?"

"काय लागला?"

"काई नाई," म्हणून भाई पुन्हा पुढे बघत. त्यांच्या आयुष्यात ह्याहून मोठी पावती कोणी दिली नव्हती.

कारंज्याला हुरमतबींनी रिवाजाप्रमाणं जेवू घातलं, आणि दुपारी सून माहेरी जायला निघाली. हुरमतबी गल्लीत येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेल्या. खोड काढायला काही सापडेना, म्हणून म्हणाल्या, "गादी लय उंच केली."

तूबा बसली. अमीनाबी बसल्या. सलाम-दुवा झाले. वसीमनं चावी फिरवली.

गाडीनं एकदा खाकरल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा तेवढंही केलं नाही.

"धक्का लागन," वसीम हळूच म्हणाला.

अजहर, भाई आणि गल्लीतले चारपाच जण मागे लागले. गल्लीला चढ. गाडी हातभर पुढे जायची आणि दीड हात मागे यायची. पुढे कांद्याचा गाडा आडवा. हुरमतबी ओट्यावर बसल्या होत्या. पैसे देऊनही मिळणार नाही असा हा तमाशा होता.

"समधी, घरची गाडी आना म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. "घराजवळच ठेवाची, असं नाई म्हटलं."

"बेटा, तू उतर, वजन कमी होईन," भाई घामाघूम होऊन खिडकीशी आले.

"मी नाई उतरत अब्बा. मले इथी लय बरं वाटून राह्यलं," तूबा म्हणाली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या कमरेला कोणीतरी धड टेका दिला होता.

भाईंना गहिवरून आलं. त्यांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा हातभर पुढे, दीड हात मागे. आणि आतून तूबाची हाक आली, "अम्मी!"

ती हाक वेगळी होती, हे ओट्यावरच्या हुरमतबींना सगळ्यांत आधी कळलं. त्या तमाशा सोडून धावल्या. शेजारच्या ऑटोवाल्याला त्यांनीच झोपेतून ओढून काढलं. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. ऑटो पोचला, तूबा आत गेली, आणि दिवेलागणीच्या सुमाराला नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, पोरगी झाली, दोघी खुशाल आहेत.

भाईंनी अल्लाचे आभार मानले, अजहर कोपऱ्यात जाऊन डोळे पुसून आला, आणि दोन्ही समधिणींनी एकमेकींना मिठी मारली. मिठी सुटली तसा वाद सुरू झाला.

"चला," हुरमतबी म्हणाल्या, "कारंज्यातच झालं शेवटी. पयलं बाळंतपन सासरीच होतं नशिबात."

अमीनाबींचा चेहरा उतरला. आपलं माहेरी, आईचं माहेरी, आणि आपल्या लेकीचं सासरी? भाईंना बायकोकडे पाहवेना. दोन महिन्यांची वणवण, तो सौदा, ती गादी, सगळं ह्या एका गोष्टीसाठी होतं, आणि तीच दोन गल्ल्यांमध्ये हरवली. बॅटरी बदलली असती तर! ते भिंतीशी जाऊन उभे राहिले.

पण अमीनाबी इतक्यात हार मानणाऱ्या नव्हत्या.

"सासरी कसं?" त्यांनी विचारलं. "तुमी तिले निरोप देल्ला का नाई?"

"देल्ला."

"तिनं उंबरठ्याच्या भाईर पाय टाकला का नाई?"

"टाकला. मंग?"

"मंग ते सासरऊन निंगाली. बापाच्या गाडीत, बापाच्या गादीवर बसली. तथीच पोट दुखाले लागलं. म्हंजे माहेरीच लागलं!"

"गाडी माह्या दारात होती, समधन!"

"दार तुमचं. गाडी आमची."

बाकावरच्या बायका हातातला घास तसाच ठेवून ऐकत होत्या. त्यातल्या एकीनं मान डोलावली. भाई भिंतीपासून सुटले. आपली बायको वकील व्हायची राहून गेली, असं त्यांना पुष्कळदा वाटे. फक्त ते नेहमी विरुद्ध पक्षात असत. आज पहिल्यांदा अशील होते.

हुरमतबी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून नवजात पोरगी रडली. ते साधं रडणं नव्हतं. पिंजायच्या यंत्राचा आवाज ज्यानं ऐकला असेल त्यालाच कल्पना येईल. ती थांबली, श्वास घेतला, आणि वरच्या पट्टीत पुन्हा सुरू झाली. हुरमतबी ऐकत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढून काहीतरी सरकत गेलं. रात्री, दुपटी, शेक, मालिश.

"समधन," त्या एकाएकी मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमचं बरोबर हाये. बाळंतपन माहेरचंच झालं. चाळीस दिवस तुमच्याकडंच न्या."

अमीनाबी जिंकल्या. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी वसीमनं नवी बॅटरी बसवून गाडी आणली, आणि मायलेकी कामरगावला आल्या. गावात भाई सांगत, पहिलं बाळंतपण माहेरी झालं. कोणी विचारलं, दवाखाना कोणता, तर ते कापूस पिंजायला लागत. रात्री मात्र गावाला गाद्या पुरवणाऱ्या ह्या घरात कोणी झोपत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप थांबली आणि कमरेला हात लावत हुरमतबी उतरल्या. बगलेत पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू. घर सुनं सुनं वाटतं, कान वाजतात, असं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि सरळ पाळण्याकडे गेल्या. नातीला उचलून घेतलं तेव्हा ती रडतच होती. त्या मात्र हसत होत्या.

"येवढ्या गर्दीत जीपनं काहून आल्या, समधन?" अमीनाबींनी पाणी देत विचारलं. "फोन केला असता त आमी आमची गाडी पाठवली असती ना."

"तुमची गाडी?" हुरमतबी म्हणाल्या. "मले आजच पोचाचं होतं, बाई."