क्योटोत दुसऱ्यांदा

क्योटोच्या त्या देवळाबाहेर एक दगडी कुंड आहे. त्यावर बांबूची ओगराळी आडवी ठेवलेली असतात. आईने एक उचललं, उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि तीर्थ घ्यावं तसं तोंडाशी नेलं.

"आई, प्यायचं नाही ते. आधी हात धुवायचे, मग चूळ भरून खाली खडीत टाकायची."

"हाउ डू यू नो, बाबा?" मुलीने विचारलं.

व्हिडिओत पाहिलं, असं म्हणता आलं असतं. पण बायको माझ्याकडे बघत होती.

"मी आलोय इथे. आधी."

"कधी?"

"बाबा गेले तेव्हा."

तीन वर्षांपूर्वी आई-बाबा आमच्याकडे न्यूझीलंडला, हॅमिल्टनला राहायला आले आणि बाबांचं दुखणं तिथेच बळावलं. आईने पुण्याहून गंगाजलाचा सीलबंद गडू आणला होता, ऑकलंडच्या विमानतळावर रीतसर डिक्लेअर करून. शेवटचं पाणी मुलाच्या हातचं, असं ती म्हणायची. बाबा म्हणायचे, "अगं, आधी चहा तर दे."

त्यात मला कामासाठी ओसाकाला जावं लागलं. काम संपलं, आणि मी घरी फोन करून सांगितलं की लांबलंय. मग क्योटोला आलो. औषधांचा वास, रात्रीचा खोकला, प्रत्येक हाकेला उठणं, यातून मला दोन दिवस सुटायचं होतं. फोन मुद्दामच हॉटेलच्या खोलीत ठेवला. दिवसभर देवळं पाहत, शेवाळलेल्या बागांतून हिंडलो. आजवर हे कुणालाच सांगितलं नव्हतं, पण मी त्या दिवशी आनंदात होतो. संध्याकाळी खोलीवर आलो तेव्हा स्क्रीनभर बायकोचे मिस्ड कॉल होते. पाणी तिने घातलं होतं.

नंतर आईच माझी समजूत काढायची. "नोकरी आहे रे, तू तरी काय करणार?" भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची. मी ऐकून घ्यायचो.

कुंडापाशी बायको हळू आवाजात म्हणाली, "गडूचं सील निघत नव्हतं. दाताने तोडलं मी. एका हाताने तुला फोन लावत होते."



आईने हातातलं पाणी सांडू दिलं. पुन्हा ओगराळं भरून, मी सांगितलं होतं तसे हात धुतले, चूळ भरली, खडीत टाकली. मग नातीचा हात धरून पायऱ्या चढू लागली. वर पोचेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

हॅमिल्टनला परतल्यावर काही दिवसांनी बाबांचं श्राद्ध होतं. पुण्याहून मावशीचा फोन आला. बोलता बोलता विषय त्या दिवसावर गेला. मी समोरच बसलो होतो. आई आता नोकरीचं म्हणेल, म्हणून मी मान खाली घातली.

"तो नव्हता," आई म्हणाली. "सुनेने पाणी दिलं यांना."

आणि मावशीला तिच्या गुडघ्यांचं विचारू लागली.